रिक बॅरी आणि 'आजीबाईचा' फ्री थ्रो : मान मोठा की टक्केवारी?

लो_पोस्ट | शुक्रवार, संध्याकाळी ७:१०

अमेरिकन बास्केटबॉलपटू रिक बॅरी १९८० साली निवृत्त झाला आणि १९८७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. १९७५ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सने वॉशिंग्टन बुलेट्सना ४-० धुतलं, त्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हाच. कॉलेज आणि एबीए, एनबीए या अमेरिकेतल्या दोन व्यावसायिक लीग, या तिन्हींकडे गुणांच्या यादीत पहिला आलेला हा एकमेव खेळाडू. तरी त्याचं नाव निघालं की लोकांना आठवतो तो त्याचा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मोकळा मारायचा शॉट. दोन्ही हातांनी, गुडघ्यांच्या मधून, खालून वर! अमेरिकेत त्याला 'आजीबाईचा शॉट' म्हणून हिणवतात.

हिणवा खुशाल, पण आकडे बघा. एनबीएतल्या कारकिर्दीत ९० टक्के. १९७८-७९ च्या हंगामात ह्यूस्टनकडून १६९ पैकी १६० आत, म्हणजे अख्ख्या मोसमात फक्त ९ चुकले.

निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ जिथे माइक मिळेल तिथे एकच गोष्ट सांगतोय. तुमचा फ्री थ्रो पडत नसेल तर पद्धत बदला, लोक काय म्हणतील याची फिकीर करू नका, दिसण्यापायी संघाचे गुण घालवणं हा शुद्ध अहंकार आहे. बोलतो तिखट, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी गय करत नाही. त्याचं ऐकणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

धागा काढलाय तो दोन गोष्टींसाठी. एक, तंत्र म्हणून हा शॉट खरंच सरस आहे का? आणि दोन, पुण्यातल्या सिमेंटच्या कोर्टांवर, आपल्याकडचे जे उंच गडी ५० टक्क्यांच्या पुढे सरकत नाहीत त्यांना तो शिकवायचा झाला तर नेमकं काय करावं लागेल? 'माझ्या काळात' छापाच्या आठवणी कृपया नकोत. त्यांना वेगळे धागे आहेत, आणि भरपूर आहेत.

---

गॅलरीतून | ७:२२

अंडरआर्म म्हटलं की पुणेकराला दोनच गोष्टी आठवणार : सोसायटीच्या पार्किंगमधलं क्रिकेट आणि १९८१ साली मेलबर्नला शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळवणारा ट्रेव्हर चॅपेल. दोन्हींत अब्रू नाही. बिचारा बॅरी.

---

ओळंबा | रात्री ९:४०

आधी तंत्र, मग अब्रू.

पाय : खांद्यांइतके फाकलेले, दोन्ही पंजे रेषेपासून सारख्याच अंतरावर. नेहमीच्या शॉटमध्ये उजवा पाय थोडा पुढे असतो, इथे तसं करायचं नाही. या शॉटची सगळी मातब्बरी डावं-उजवं सारखं असण्यात आहे. पाय मागेपुढे झाले की कंबर वळते आणि चेंडू तिच्यामागे जातो.

पकड : इथे बहुतेक जण फसतात. चेंडू दोन्ही बाजूंनी धरायचा, तळहात एकमेकांकडे तोंड करून, अंगठे वरच्या बाजूला. बोटांची टोकं चेंडूच्या पुढच्या-खालच्या अंगावर पोचली पाहिजेत, म्हणजे रिंगेकडच्या बाजूवर. भरलेली कळशी उचलताना हात जसे बाजूंनी जातात तसे. परात धरल्यासारखे तळहात खाली गेले की सगळं संपलं.

कारण सांगतो. या शॉटला बॅकस्पिन (चेंडूची मागच्या दिशेची फिरकी) मिळतो तो मनगटं आपल्याकडे, वरच्या दिशेने वळल्यामुळे. तशी वळताना बोटं चेंडूची पुढची बाजू वर उचलतात. पुढची बाजू वर म्हणजे माथा मागे, आणि तोच बॅकस्पिन. तळहात चेंडूच्या खाली किंवा मागे असतील तर चेंडू बोटांवरून पुढे घरंगळतो, फिरत नाही किंवा उलटा फिरतो. असा चेंडू रिंगेच्या मागच्या कडेला लागला की टणकन बाहेर येतो.

झोका : हात सैल, कोपरं जवळजवळ सरळ पण ताठ नाहीत. गुडघे थोडेच वाकवायचे, बैठक मारायची नाही. चेंडू मांड्यांच्या मध्ये खाली येतो, क्षणभर थांबतो, आणि गुडघे सरळ होताना हात वर येतात. हे दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं. पाय आधी आणि हात नंतर झाले की ताकद सगळी हातांतून काढावी लागते.

सुटणं : हात आडवे व्हायच्या आधी, साधारण २५-३० अंश खाली असताना. खांद्याभोवती फिरणाऱ्या सरळ हातातला चेंडू हाताशी काटकोनात निघतो. हात आडवा झाल्यावर सोडलात तर तो डोक्यावर सरळ वर जाईल. फार लवकर सोडलात तर नेटच्या खालून मागच्या भिंतीवर.

चेंडू सुटल्यावरही हात वर जाऊ द्यायचे, दोन्ही सारख्या उंचीवर थांबले पाहिजेत. एक हात वर आणि दुसरा खाली राहिला तर चेंडू कुठे गेला ते न बघताही सांगता येतं.

---

तीनचा_तुकडा | ९:५८

तंत्र छान सांगितलंत, पण मूळ मुद्दा पटत नाही. स्टीव्ह नॅश कारकिर्दीत ९० टक्क्यांवर, स्टेफ करी ९१ च्या आसपास, होजे काल्देरॉनने २००८-०९ मध्ये १५४ पैकी १५१ टाकले. सगळे वरून. मग खालूनचा सरस कसा?

दुसरं, फ्री थ्रो आणि जंप शॉट (उडी मारून वरून मारायचा शॉट) यांची मुळं एकच. पोरगं रेषेवर रोज शंभर मारतं तेव्हा त्याचा सगळाच शॉट सुधारत असतो. खालून मारायला लागलं तर ते शंभर फुकट.

तिसरं, खालचा शॉट कमी उंचीवरून सुटतो. रिंग ३.०५ मीटरवर. जितक्या खालून फेकाल तितकी ताकद जास्त आणि कोन सपाट. हे साधं शाळेचं भौतिकशास्त्र झालं.

---

ओळंबा | १०:३५

शाळेचं भौतिकशास्त्र तर शाळेचंच करू. हवेचा रोध सोडून देतो.

रिंगेचा आतला व्यास ४५ सें.मी., पुरुषांचा ७ नंबरचा चेंडू साधारण २४ सें.मी. चेंडू ४५ अंशांत आत येत असेल तर त्याला दिसणारं भोक ४५ गुणिले साइन ४५, म्हणजे सुमारे ३२ सें.मी. आठ सें.मी.ची ऐसपैस जागा. तोच ३५ अंशांत आला तर भोक २६ पण नाही. जेमतेम दोन सें.मी. ३२ अंशांच्या खाली तर रिंगेला न लागता जाणं शक्यच नाही. तेव्हा दोन्ही पद्धतींना ४५ अंशांत उतरवायचं असं धरू.

उंच गडी घ्या, साडेसहा फुटांच्या आसपासचा. वरून मारताना चेंडू साधारण २.२ मीटरवर सुटतो आणि रिंगेचा मध्य तिथून ४.१ मीटर लांब. गणित मांडलं तर ५५ अंशांचा कोन आणि सेकंदाला ७.१ मीटर वेग लागतो.

खालून मारताना चेंडू १.४ मीटरवर सुटतो, पण हात पुढे लांबवलेले असतात म्हणून अंतर ३.७ वर येतं. त्याला ६२ अंश आणि ७.६ मीटर वेग.

म्हणजे तुमचं अर्धं बरोबर आहे. ताकद जास्त लागते, ऊर्जेच्या हिशेबात सुमारे १५ टक्के. पण ती एका मनगटाऐवजी दोन हात, दोन खांदे आणि गुडघे यांच्यात वाटली जाते. सपाट कोनाचं म्हणाल तर ते चेंडू कोणत्या कोनात सोडता त्यावर आहे. ५५ नाही, ६२ नजरेत बसवावे लागतात. नवशिके हेच विसरतात. वरच्या शॉटची सवय असलेला डोळा त्यांना ५५ लाच थांबवतो आणि चेंडू पुढच्या कडेला आपटतो. या शॉटला 'आपोआप जास्त उंची मिळते' असं लिहिलेलं सापडेल. आपोआप काही मिळत नाही, द्यावी लागते. बरोबर गेला तर चेंडू रिंगेच्या पातळीपासून साठ-पासष्ट सें.मी. वर जाऊन खाली येतो.

मग फायदा कुठे? डाव्या-उजव्या चुकीत. वरच्या शॉटला एक हात फेकतो, दुसरा नुसता आधार देतो. बोटं, मनगट, कोपर, खांदा असे चार सांधे एका रेषेत यावे लागतात, आणि मोठ्या पंजाच्या माणसाचं तिथेच बिघडतं. खालच्या शॉटला कोपर जवळजवळ बादच आहे, उरतो खांद्यातून फिरणारा झोका. दोन्ही हात एकमेकांची चूक खातात.

नॅश-करीला बदला असं बॅरीही म्हणत नाही. ज्याचे ऐंशीच्या वर पडतात त्याने आहे तेच करावं. सल्ला आहे तो पन्नाशीत अडकलेल्यांना. त्यांचा जंप शॉट कुठे असतो सुधारायला? रिंगेखालून ढकलणारे गडी ते.

---

तीनचा_तुकडा | १०:४१

शेवटचं वाक्य मान्य. बाकीचं सकाळी कागद घेऊन तपासतो.

---

स्कोअरर_ताई | १०:५०

टेबलवरून चार गोष्टी, कारण सामन्यात हा शॉट कोणी मारलाच तर प्रेक्षकांतून 'रेफ्री, हे चालतं का?' अशी आरोळी येणारच.

चालतं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांत फ्री थ्रो कोणत्याही पद्धतीने टाकायला मुभा आहे. चेंडू वरून आत गेला पाहिजे किंवा रिंगेला तरी लागला पाहिजे, इतकंच.

वेळ ५ सेकंद, रेफ्रीने चेंडू हातात दिल्यापासून. एनबीएत १० असतात, म्हणून तिकडचे व्हिडिओ पाहून तीन-तीनदा झोका घ्यायची सवय लावू नका. एक टप्पा, एक श्वास, एक झोका.

फसवा झोका चालत नाही. चेंडू खाली नेला, थांबलात, परत वर आणून पुन्हा खाली नेलात, तर रेफ्री फसवा थ्रो म्हणून धरू शकतो आणि तो थ्रो रद्द.

रेषा. चेंडू रिंगेला लागेपर्यंत किंवा आत जाईपर्यंत पाय रेषेवर टेकता कामा नये. या शॉटमध्ये वजन पुढे झुकतं आणि टाचा उचलल्या जातात, त्यामुळे पुढे पाऊल पडण्याचा धोका वरच्या शॉटपेक्षा जास्त. पंजे रेषेला चिकटवून उभं राहू नका, चार बोटं मागे राहा.

आणि बाजूला उभे असलेले रिबाउंडवाले, म्हणजे चुकलेला चेंडू पकडायला थांबलेले. चेंडू मारणाऱ्याच्या हातून सुटेपर्यंत त्यांनी जागा सोडायची नसते. झोका खाली जाताना पाहून ते लवकर आत उडी मारतात. तेव्हा रेफ्रीने तिकडे डोळा ठेवावा.

---

पाचवा_फाउल | शनिवार, सकाळी ८:०५

यावरून 'हॅक'चा विषय निघतोच. ज्याचा फ्री थ्रो पडत नाही त्याला मुद्दाम धरायचं ही युक्ती प्रशिक्षक डॉन नेल्सनने डॅलसमध्ये असताना डेनिस रॉडमनवर वापरली, मग शकील ओनीलवर ती इतकी चालली की तिला त्याचंच नाव पडलं, 'हॅक-अ-शॅक'. ओनीलची कारकीर्द ५२.७ टक्के. बॅरीने त्याला जाहीरपणे सुचवलं, त्याने जाहीरपणे धुडकावलं. खालून मारण्यापेक्षा शून्य टक्के परवडले, या अर्थाचं बोलला होता.

एनबीएने २०१६-१७ पासून प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून लांबच्या फाउलला एक फ्री थ्रो अधिक चेंडूचा ताबा केला. आपल्याकडे फिबाचे नियम, तिथे चेंडूसाठी प्रयत्नच नसलेला फाउल म्हणजे अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला सोडून), दोन थ्रो आणि वर ताबा. त्यामुळे उघड मिठी मारण्याची युक्ती इथे महागात जाते. पण चेंडू हातात असताना, रिंगेखाली, हातावर फटका? तो साधा शूटिंग फाउल. आपल्या स्थानिक सामन्यांत कमकुवत शूटरला नेमकं असंच टिपतात.

हिशोब सोपा आहे. दोन थ्रो, ५० टक्केवाल्याला सरासरी १ गुण. ७० टक्केवाल्याला १.४. रिंगेखालचा सोपा ले-अप जवळजवळ २ गुणांचा असतो, तेव्हा फाउल करणाऱ्याचा फायदा किती ते बघा. टक्केवारी वाढली की फाउल करावासा वाटत नाही, आणि मग ले-अपच मिळतो. खरा लाभ हा आहे, स्कोअरशीटवर दिसत नाही.

---

कोर्टावरची | ९:३०

सगळ्यात ठळक उदाहरण अजून कोणी दिलं नाही. एनबीएतला विल्ट चेंबरलेन.

१९६०-६१ ला ५० टक्के. १९६१-६२ मध्ये खालून मारायला लागला, ६१ टक्के. त्याच हंगामात २ मार्च १९६२ ला हर्शीमध्ये त्याचा एकट्याने १०० गुण केलेला सामना, आणि त्या सामन्यात फ्री थ्रो ३२ पैकी २८. खालून. पुढे सोडून दिलं, आणि १९६७-६८ मध्ये ३८ टक्क्यांवर आला. नंतर आत्मचरित्रात त्यानेच कबूल केलं की तसं मारताना बायकी वाटायचं, आणि सोडलं ते चुकलंच.

बॅरीची गोष्टही तिथूनच सुरू होते. त्याला हे वडिलांनी शिकवलं आणि पोरगा आधी तयार नव्हता, कारण मुली असं मारतात.

आता मला सांगा, 'मुलींसारखं' ही शिवी कशी झाली? पुण्यात मुलींचे संघ वर्षानुवर्षं चांगलं बास्केटबॉल खेळतात, सगळ्या वरूनच मारतात, आणि शाळेच्या मैदानावर टक्केवारी काढलीत तर बऱ्याच ठिकाणी मुलांचे चेहरे उतरतील. शॉटला बाई-पुरुष नसतो. तो पडतो नाहीतर पडत नाही.

तांत्रिक भर : मुलींचा चेंडू ६ नंबरचा, वजन ५१० ते ५५० ग्रॅम. ७ नंबरचा ५८० ते ६२०. ज्या मुलांना ७ नंबर खालून जड वाटतो त्यांनी पहिला आठवडा ६ नंबरवर झोका बसवावा. टक्केवारी मात्र त्यावर मोजू नये.

---

गॅलरीतून | ९:३४

@कोर्टावरची, ताई, 'शॉटला बाई-पुरुष नसतो' हे मराठी व्याकरणाला मान्य नाही. तो शॉट, ती रिंग, ते नेट.

---

कोर्टावरची | ९:३६

मग तो शॉट त्या रिंगेत गेला म्हणजे झालं.

---

लो_पोस्ट | ११:१५

धाग्याचा दुसरा पदर. बॅरी इतका बरोबर आहे तर त्याचं कोणी ऐकत का नाही? माझं मत असं की सांगणाऱ्याचा स्वभाव हे निम्मं कारण आहे.

हा माणूस लहानपणापासून स्वतःच्या मताने चालला. १९६७ मध्ये, एनबीएत गुणांच्या यादीत पहिला आल्यावर लगेच, नव्या एबीएच्या ओकलंड ओक्सकडे निघाला. तिथला प्रशिक्षक त्याचा सासरा होता हे वेगळं. जुन्या मालकांनी कोर्टात खेचलं आणि एक अख्खा हंगाम खेळाविना बसावं लागलं. खेळाडू म्हणजे संघाची मालमत्ता, असं मानण्याचा तो काळ. त्या दृष्टीने त्याचं बंड मोलाचं होतं, पण पुढे इतरांना जे मोकळेपण मिळालं त्याचं श्रेय त्याला फारसं कोणी देत नाही. मैदानावर चुकलेल्या सोबत्याकडे हात पसरून बघायचा, हेही सगळ्यांना माहीत.

एनबीएतलाच चार्ल्स बार्कली घ्या. १९९३ च्या नायकीच्या जाहिरातीत त्याने स्वच्छ सांगितलं की मी कुणाचा आदर्श नाही, पोरांना घडवणं आईबापांचं काम. तितकंच कडू, पण हसत सांगितलं. गंमत म्हणजे लोकांनी त्यालाच आदर्श केलं. बॅरीची सवय गणिताच्या मास्तरासारखी, उत्तर बरोबर आणि वर 'एवढंही येत नाही?'

---

तीनचा_तुकडा | दुपारी १२:२०

कागदावर तपासलं. ६२ अंश बरोबर आहे. वेगही.

स्वभावाबद्दल थोडं वेगळं मत. त्याच्या धाकट्या मुलाने, कॅन्यनने, फ्लोरिडाकडून कॉलेजमध्ये खालूनच मारलं आणि ८८ टक्के काढले. तो काही भांडकुदळ नाही, तरी त्याचं पाहून किती जण वळले? लुईव्हिल विद्यापीठाच्या संघातला चिनानु ओनुआकू ४७ च्या आसपास होता, खालून मारून एका मोसमात ५९ च्या आसपास आला, एनबीएतही एक-दोनदा मारला. बास. बॅरी गोड बोलला असता तरी फार फरक पडला नसता. वीस वर्षांचा गडी भरल्या मैदानात एकटा रेषेवर उभा असतो, सगळे थांबलेले, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. खेळात दुसऱ्या कुठल्या क्षणी इतकं एकटं कोणी नसतं. तिथे टक्केवारी आठवत नाही, हसणारे दिसतात.

---

पाचवा_फाउल | १२:३१

यावर उपाय एकच : दोघा-तिघांनी एकदम सुरू करावं. एकटा मारतो तो विक्षिप्त, तिघे मारतात ती संघाची पद्धत.

---

ओळंबा | दुपारी ३:००

लो_पोस्ट यांनी 'नेमकं काय करावं लागेल' विचारलं होतं. सहा आठवडे धरा, आठवड्याला पाच दिवस.

आधी खरी टक्केवारी काढा. वीस थ्रो मारून ठरवू नका. ज्याची खरी टक्केवारी ६० आहे तो शंभर थ्रोंत कधी ५० टाकेल, कधी ७०, नुसत्या योगायोगाने. वीसमध्ये तर काहीही होईल. म्हणून किमान ३०० थ्रो, तीन दिवसांत वाटून. आणि सलग नाही. सामन्यात कोणी सलग पन्नास मारत नाही, दोन मारतो. दोन मारा, कोर्टाची एक लांबी पळा, परत दोन. धाप लागलेली टक्केवारी तीच खरी. सत्तरच्या वर आलात तर हा धागा तुमच्यासाठी नाही, घरी जा.

पहिला आठवडा रिंगेला हात लावायचा नाही. भिंतीपासून दोन पावलं लांब उभं राहून वर फेकायचा आणि फिरकी बघायची. चेंडूवरच्या काळ्या रेषा आडव्या धरा, म्हणजे फिरताना स्वच्छ दिसतात. रेषा डुगडुगत असतील तर एक हात दुसऱ्यापेक्षा जोरात उचलतोय. रोज शंभर.

दुसरा आठवडा रिंगेपासून २ मीटरवर, तिसरा ३ मीटरवर. या दोन आठवड्यांत आत गेला की नाही मोजू नका, चेंडू रिंगेच्या वर किती गेला ते बघा. रिंगेमागच्या बोर्डची उंची १.०५ मीटर. रेषेवरून योग्य शॉट बोर्डच्या मध्याच्या थोडा वर पोचून उतरतो, ही खूण डोळ्यात ठेवा.

चौथ्या आठवड्यापासून रेषा. रोज १०० ते १५०, दहा-दहाच्या गटात. पाचवा-सहावा, दोन-दोनच्या जोड्या आणि मध्ये पळणं. रेषेपासून रिंगेपर्यंत चेंडू साधारण एक सेकंद हवेत असतो, तेवढ्यात तीनेक गिरक्या झाल्या तर फिरकी बरोबर. पाच-सहा होत असतील तर मनगट फार ओढताय, चेंडू आखूड पडेल.

काय बिघडतं ते दिशेवरून ओळखा. सतत आखूड : गुडघे वापरत नाही किंवा कोन सपाट. सतत लांब : हात पुढे ढकलताय, झोका नाही. डावीकडे-उजवीकडे : पाय मागेपुढे, किंवा पकड एका बाजूने पुढे. कधी आखूड कधी लांब, असं मिश्र : सुटण्याची वेळ बसलेली नाही, परत ३ मीटरवर जा. चौथ्या आठवड्यात टक्केवारी जुन्या शॉटपेक्षाही खाली जाईल. तिथेच बहुतेक जण सोडतात.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. हल्लीच्या शॉर्ट्स गुडघ्याखाली लोंबतात. झोका खाली जाताना चेंडू कापडाला घासला की फिरकी गेली. बॅरीच्या काळी शॉर्ट्स आखूड होत्या, त्याला हा प्रश्नच नव्हता.

---

कोथरूडचा_सेंटर | संध्याकाळी ६:४५

उघड्या कोर्टांवर वाऱ्याचं काय? जूनपासून नदीकाठच्या मैदानांवर चेंडू हलतो.

---

ओळंबा | ७:३०

चेंडू दोन्ही पद्धतींत हवेत साधारण तेवढाच वेळ असतो, तेव्हा वाऱ्याचा त्रासही जवळजवळ सारखाच. वारा बाजूने असेल तर थांबायला ५ सेकंद आहेत, ते वापरा. झुळूक ओसरली की सोडा.

पुण्यात वाऱ्यापेक्षा मोठी भानगड वेगळीच, ती म्हणजे कोर्टच चुकीचं असणं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलासारख्या ठिकाणी प्रश्न नाही, पण शाळा, सोसायट्या आणि मैदानांवरच्या कोर्टांवर सिमेंटचा नवा थर चढतो किंवा रंगारी जुन्या रेषेवर अंदाजाने नवी रेषा ओढतो. रिंग ३.०५ ऐवजी ३.०० होते, रेषा हातभर पुढेमागे जाते. झोक्याच्या शॉटला अंतराची सवय शरीरात बसवायची असते. चुकीच्या रेषेवर सहा आठवडे घालवलेत तर सामन्याच्या दिवशी सगळे आखूड नाहीतर लांब.

रेषा तपासायची पद्धत : बोर्डच्या दर्शनी भागापासून ओळंबा सोडा. जमिनीवर टेकतो तिथे खडूची खूण करा. तिथून फ्री थ्रो रेषेच्या लांबच्या कडेपर्यंत, म्हणजे जिच्यामागे आपण उभे राहतो त्या कडेपर्यंत, ४.६० मीटर भरलं पाहिजे. बोर्डच्या पायाच्या खांबापासून मोजू नका, खांब मागे असतो.

रिंग : पुढची कड, मागची कड, दोन्ही बाजू अशा चार ठिकाणी जमिनीपासून टेप लावा. पोरं लोंबकळून पुढची कड खाली आलेली असते. दोन सें.मी. वाकली तरी चेंडूला दिसणारं भोक बदलतं आणि सवय चुकीच्या रिंगेची लागते. बोर्डमागचे बोल्ट आवळून बघा, तरी नाही आली तर रिंगच बदलायला हवी. वेल्डिंग करून वर ओढलेली रिंग महिनाभरात परत बसते.

चेंडूची हवा : १.८ मीटरवरून सोडा, टप्पा घेऊन माथा १.२ ते १.४ मीटरदरम्यान आला पाहिजे. फार टणक चेंडूला बॅकस्पिनचा उपयोग होत नाही, कडेला लागला की उडतो. गुळगुळीत झालेला रबरी चेंडू तर या शॉटला अजिबात नको, बोटांना पकडच मिळत नाही.

---

कोथरूडचा_सेंटर | ७:४२

ओळंबा कुठून आणायचा? गवंडी लोक देत नाहीत.

---

ओळंबा | ७:५०

माझा मिळणार नाही, नावच ते आहे. दोरीला जड नट बांधा, तेच काम होतं. फक्त वारा नसताना, सकाळी लवकर.

---

स्कोअरर_ताई | ७:५५

आणि नट हलायचा थांबेपर्यंत थांबा. इथे ५ सेकंदांचा नियम नाही.